भिमाआत्याचा रुसवा

यवत,
८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजीस,
ज्ञानेश्वरीचा दंडवत.

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. इथं आल्या आल्या ललिताताईंनी आमच्या सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. ललिताताई म्हणजे आमच्या नाटकाच्या दिग्दर्शिका. शिमग्यापर्यंत फोन नाही. पत्र मात्र लिहिता येतं. आजीला लिहिता-वाचता येत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तर जरूर लिही."

हायवेपासून थोडं आत एक बंद पडलेलं मंगल कार्यालय आहे, ते आमच्या नाटकानं भाड्यानं घेतलंय. इथं स्टेज नाही की खुर्च्यांच्या रांगा नाहीत. नाटक म्हणजे एक लग्न, आणि बघायला येणारे लोक म्हणजे त्या लग्नाचे पाहुणे. तिकिटाऐवजी त्यांना लग्नपत्रिका मिळते. ते मांडवात बसणार, भटारखान्यात डोकावणार, नवरीच्या खोलीत शिरणार, आणि आम्हाला घरचे समजून वाटेल ते विचारणार. आमचे संवाद ठरलेले नाहीत. आपण कोणतं माणूस आहोत ते मात्र पक्कं ठरलेलं पाहिजे. हातभर अंतरावरून बघतात म्हणून तोंडाला रंगही लावायचा नाही.

मला भिमाआत्याचं काम मिळालंय. ही नवरदेवाची धाकटी आत्या. रुसून मागच्या खोलीत बसलेली. पाहुण्यांनी समजूत काढली तर ती मांडवात येते, नाही काढली तर लग्न तिच्याशिवाय लागतं.

अडचण अशी की मला रुसता येत नाही. ताई रोज म्हणतात, "ज्ञानेश्वरी, तू रागावतेस. रुसत नाहीस." फरक काय ते मला कळत नाही. आपल्या भावकीत तुझ्याइतकं नावाजलेलं रुसणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच विचारते.

आप्पा काही बोलतात का माझ्याबद्दल? मी निघाले त्या दिवशी ते ओट्यावर होते, पण माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिक्रापूरची कंपनी सोडली याचा इतका राग येईल असं वाटलं नव्हतं. आजी, मला दुसरं काही नको. आप्पांनी एकदा येऊन माझं काम बघावं, एवढंच हवंय.

तुझी,
ज्ञाना


तळेगाव ढमढेरे,
१५ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरीस,
आजीचे आशीर्वाद. जरा आखडते देतेय, कारण एवढ्या लांबलचक पत्रात तुझ्या आईची चौकशी एका ओळीतसुद्धा नाही. सुवर्णा काही म्हणाली नाही. मी म्हणतेय.

पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा तिला वाटलं कोर्टाचा कागद आला. तो बिचारा म्हणाला, "आजी, हातानं लिहिलेलं पाकीट लई दिसांनी बघितलं." त्याला चहा पाजला. तुझ्या नाटकाचा पहिला खर्च आमच्याकडून झाला.

हे पत्र खुर्शिद लिहितेय. मी तिच्या शिलाई मशीनशेजारी बसून बोलतेय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हटलं, लिही बाई, पोरगी आता कलाकार झालीय, तिला धुतलेली भाषा लागत असेल. (मावशी बोलतात ते सगळं लिहिलं तर कागद पेटेल. काही काही गाळलंय. — खुर्शिद)

तर रुसवा. अगं येडे, राग आला की माणसाला वाटतं समोरचा डोळ्यांपुढून जावा. रुसलं की वाटतं तो यावा. एवढाच फरक. रागावलेला दार लावून घेतो, रुसणारा किलकिलं ठेवतो. दाराला कडी लावून रुसलीस तर बाहेरचे जेवून, विडा खाऊन आपापल्या घरी जातील आणि तू आत मच्छर मारत बसशील.

आणि कोपऱ्यात कधी रुसू नये. रुसायचं तर वाटेत. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात मला कुणी विचारलं नाही म्हणून मी अक्षतांच्या तांदळाच्या डब्यावर जाऊन बसले होते. मुहूर्त जवळ आला, भटजी ओरडायला लागला, आणि डबा तर माझ्याखाली. सासरे स्वतः आले. "सूनबाई, उठा, येळ चाललीय." मी म्हटलं, "मला काय ठावं येळ? मला कुणी काय पुसलंय व्हय?" शेवटी सासूबाईंनी कुंकू लावलं आणि "चल बये, तुझ्याबिगर नको" म्हणाल्या, तवा उठले. पण त्याआधी भटारखान्यात बसून दोन पोळ्या दुधाशी चापल्या होत्या. उपाशीपोटी रुसू नये. भुकेलं माणूस लवकर ऐकतं.

बाकी तुला रुसवा शिकायचाच असेल तर इथं घरी चालू आहे, पत्रिका न छापता. काल संक्रांत. तुझ्या बापाला तिळगूळ दिला, "गोड बोल बाबा" म्हटलं. हातावर घेतला, खाल्ला, हात झटकले आणि गोठ्यात गेला. सध्या आनंदराव म्हशीमार्फत बोलतात. म्हशीला पेंड घालताना मोठ्यानं म्हणाला, "खा बाई. तुला तरी इचारून घालतोय. या घरात कोण कुणाला इचारून करतंय?" म्हशीनं पेंड खाल्ली. मी तिळगुळाचा डबा झाकला.

तू विचारलंस, तुझ्याबद्दल बोलतो का. बोलत नाही. पण खुर्शिद तुझं पत्र पडवीत वाचत होती तेव्हा त्याला पडवीतलाच पाइप गुंडाळायचा होता. गुंडाळलेला पाइप सोडला आणि परत गुंडाळला. पाठ दाराकडं, कान दाराकडं. हे ध्यानात ठेव, कामाला येईल.

आजी


यवत,
२३ जानेवारी

ती. आजीस दंडवत, आणि आईला वेगळा.

तुझं पत्र मी ललिताताईंना वाचून दाखवलं. म्हशीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आता भिमाआत्या कोपऱ्यात बसत नाही. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी एक लोखंडी ट्रंक ठेवलीय, तिच्यावर बसते. भटारखान्यात जाणाऱ्याला तिला ओलांडूनच जावं लागतं. आणि ट्रंकेत काय आहे सांगू? नवरा-नवरीमध्ये धरायचा अंतरपाट! आत्या उठली नाही तर भटजी कुणाचं तरी उपरणं मागून घेतात. आमचे भटजी दौंडचे आहेत, रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेत. उपरणं मागायची त्यांना इतकी लाज वाटते की ते रोज माझ्या पाया पडायला तयार असतात.

पण दोन गोष्टी अडल्यात. एक, माझे हात. तालमीला गावातले लोक पाहुणे बनून येतात, ते इतके जवळ असतात की हातांचं काय करायचं कळत नाही. ताई म्हणतात, रुसलेल्या माणसाचे हात काय करतात ते शोध. आप्पांचे हात काय करतात गं?

दुसरी, रुसव्याचं कारण. कागदावर लिहिलंय की भावानं पाटल्या करून देतो म्हटलं आणि दिल्या नाहीत. मी ते सांगते, पाहुणे "अरेरे" म्हणतात आणि मठ्ठा प्यायला जातात. ताईंनी प्रत्येकाला आपल्या माणसाची एक किल्ली ठरवायला सांगितलीय. म्हणजे अशी एक गोष्ट, जी पाहुण्यांपैकी कुणी केली की आपलं माणूस उघडतं. पाहुण्यांना ती माहीत नसते. माझ्या आत्याची किल्ली मला सापडत नाही. पहिल्या शोपर्यंत सापडली नाही तर मला पंगतीत वाढायला घेतील आणि आत्या दुसरी कुणी होईल. आणि आप्पा आलेच, तर मला जिलबी वाढताना बघतील.

म्हशीशी बोललेलं मला लागलं. कंपनी सोडताना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते.

ज्ञाना


तळेगाव ढमढेरे,
२७ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. आईला दंडवत पोचला, त्यामुळं आज पुरे देते.

हातांचं विचारलंस. रुसलेल्या माणसाचे हात कधी रिकामे नसतात. रिकामे दिसले तर लोक म्हणतील, चला, याला काही काम नाही, यालाच पंगत वाढायला लावू. तुझ्या बापाचं सांगते. तुझी स्कूटी गोठ्याशेजारी पोत्यानं झाकून ठेवलीय. रोज सकाळी पोतं काढतो, चालू करतो, जरा वेळ फुरफुरू देतो, बंद करतो. मग आरशावर तोंडानं 'हाऽ' करून वाफ सोडतो आणि शर्टाच्या टोकानं पुसतो. एकदा या आरशावर, एकदा त्या. सुवर्णा म्हणाली, "आवं, कोण बसतंय तिच्यावर? कशाला पुसताय?" तर म्हणाला, "लोखंडाला काय रुसवा कळतो व्हय? गंजतं ते."

घे तुझे हात.

आता पाटल्या. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याच्या घरी लग्न झालेलं दिसत नाही. पाटल्यांसाठी माणसं भांडतात, बोलणं तोडतात, कोर्टात जातात. रुसत नाहीत. रुसवा आवतणाचा असतो. आपल्यात कशी रीत आहे? लांबच्याला पत्रिका टपालानं गेली तरी चालते. घरच्याकडं माणूस जातो. कपाळाला कुंकू लावतो, पत्रिकेवर अक्षता ठेवतो, हातात देतो आणि तोंडानं म्हणतो, "घरचं कार्य हाय, यायचं बरं का." सख्ख्या आत्याला भाच्याचं लग्न बाजारात कुणाकडून तरी कळलं, आणि मग पत्रिका टपालानं आली, तर ती लग्नाला येणार. आहेर घेऊन येणार. आणि आल्यावर मागच्या खोलीत जाऊन बसणार. न येणं हा राग झाला. येऊन न येणं हा रुसवा.

खुर्शिद म्हणते, "मावशी, आमच्यातबी अस्संच." तिच्या चुलतदिराच्या निकाहला ती बिर्याणी खाऊन आली, पण नवरीचं तोंड न बघता. (बिर्याणी खाल्ली नव्हती, फक्त जर्दा, म्हणजे गोड भात, खाल्ला. — खुर्शिद)

आजी


यवत,
७ फेब्रुवारी

ती. आजी,

आत्या माझीच राहिली!

शनिवारी पहिला शो झाला. तुझं आवतण मी किल्ली केलं. हे ताई आणि तू सोडून कुणाला माहीत नाही, तूही कुणाला सांगू नकोस. आता माझ्या आत्यानं भाच्यासाठी आहेर म्हणून तांब्याचा तांब्या आणलाय आणि तो ती पुसत बसते. 'हाऽ' करून, पदराच्या टोकानं. आमचा भटारखाना सांभाळणारे म्हाळूमामा खऱ्याच लग्नांत स्वयंपाक करत आलेत. मला बघून ते पातेलं खाली ठेवून म्हणाले, "बाई, कुणी दुखावलं गं तुला?" मी नाटकातली आहे हे त्यांना माहीत आहे तरी.

पाहुणे वेगवेगळे येतात. पुण्याची पोरं येतात आणि माझ्यासोबत फोटो मागतात. कुणी साडी कबूल करतं. एका काकांनी ट्रंकेसकट उचलायची धमकी दिली. एक बाई नुसत्या शेजारी बसून राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "मीसुद्धा अशीच बसले होते, कुणी आलं नाही." त्या दिवशी मला बसून राहणं अवघड गेलं. पण अजून कुणीही आत्याला नीट आवतण दिलेलं नाही. भटजींना रोज उपरणं मागावं लागतंय.

सोबत २३ तारखेच्या रविवारच्या तीन पत्रिका पाठवतेय. एक तुला, एक खुर्शिदचाचीला. तिसरी आप्पांची, तीही याच पाकिटात घातलीय, त्यांना देऊन टाक. आई म्हशीला सोडून यायची नाही, तिला मी नंतर सगळं करून दाखवीन. लग्न गोरज मुहूर्तावर आहे, उजेडात घरी पोचता येणार नाही, पण अयुबचाचांची जीप आहेच.

आप्पा येतील ना?

ज्ञाना


तळेगाव ढमढेरे,
१२ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरी,

पत्रिका मिळाल्या. दोन ठेवून घेतल्या. तिसरी मी दिलेली नाही, देणारही नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवलीय.

काय गं भवाने, रोज संध्याकाळी ट्रंकेवर बसून 'मला टपालानं आवतण धाडलं' म्हणून रुसतेस, आणि स्वतःच्या बापाला काय धाडलंस? टपाल. तेही दुसऱ्याच्या पाकिटात, 'देऊन टाक' म्हणून. जुनं स्वेटर देतात तसं.

मला वाटत होतं, कंपनी सोडली म्हणून तो तोंड फिरवून आहे. तू पत्रात तेच लिहिलंस, मीही तेच धरून चालले. काल खुर्शिदला तुझी पत्रिका दाखवली तर तिनं वेगळंच सांगितलं. पुढचं तिला तिच्या शब्दांत लिहू दे.

(ज्ञाना, हे अयुबनी मला तेव्हाच सांगितलं होतं. घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मी गप्प होते. तू जाणार त्याआधीच्या सोमवारी बाजाराचा दिवस होता. आनंदभाऊ कोबीच्या गोण्या घेऊन आमच्या जीपमध्ये बसले. तू नाटकात जाणार हे तोवर मला माहीत होतं, मावशींना माहीत होतं, तुझ्या आईला माहीत होतं, आणि अयुबना तर तूच जीप सांगून ठेवली होतीस. जीपमधल्या कुणीतरी विचारलं, "काय आनंदराव, पोरगी नोकरी सोडून नाटकात चालली म्हनं?" अयुब म्हणतात, भाऊंचा चेहरा आरशात दिसत होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण ते लगेच म्हणाले, "व्हय. मीच म्हणलो तिला, जा. एवढी शिकली ती काय नट-बोल्ट मोजायला?" मग स्टँडवर उतरताना भाऊ एक गोणी जीपमध्येच विसरले. — खुर्शिद)

ऐकलंस?

मी काही जास्त बोलत नाही. आम्ही सगळ्या बायकांनी त्याला घाबरून त्याच्यापासून लपवलं आणि तो सगळ्या जीपसमोर तुझ्या पाठीशी उभा राहिला. मग घरी येऊन रुसला. आता तू आत्या आहेस ना? मग तुला कळायला पाहिजे, त्याची किल्ली कुठं आहे.

आजी


यवत,
१६ फेब्रुवारी

श्री. आनंदराव यांस,

आप्पा, हे पाकीट तुमच्याच नावानं पाठवतेय. पाकिटावरच पोस्टमनकाकांसाठी लिहिलंय की दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

खरं तर मी स्वतः यायला हवं होतं. शो रोज असतो, आत्याशिवाय चालत नाही, आणि फोन पेटीत आहे. म्हणून कागदाच्या पुडीत कुंकू लावलेल्या अक्षता घातल्यात. पत्रिका नव्यानं लिहून घेतलीय. तिच्यावर तुमचं नाव मी माझ्या हातानं लिहिलंय.

घरचं कार्य आहे. सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगायचं होतं, ते सगळ्यांच्या शेवटी सांगतेय. रविवारी यायचं बरं का.

तुमची,
ज्ञाना


यवत,
२४ फेब्रुवारी

ती. आजी,

काल तू इथं होतीस, तरी पत्र लिहितेय. तू मांडवात होतीस आणि मी मागच्या खोलीत. तुम्ही निघालात तेव्हा आत्याच्या सोंगातून बाहेर यायला मला उशीर झाला आणि तुमची जीप निघून गेली. म्हणून आत काय झालं ते तुला सांगते.

तू काय काय केलंस ते मला सगळ्यांनी सांगितलं. नवरीला म्हणालीस, "हसू नकोस गं, आजच्या दिवस तरी." वरमाईचा पदर नीट केलास. भटजींच्या मंत्रात चूक काढलीस. ते म्हणतात, चूक नव्हती. ललिताताई विचारत होत्या, आजींना रोज आणता येईल का?

माझी पाठ दाराकडं असते, पण तो तांब्या इतका घासलाय की त्यात दार दिसतं. आधी पोरं आली, फोटो काढून गेली. मग दारात कुणीतरी थांबलं. खाली वाकलं. चपला काढल्या. इतक्या दिवसांत त्या खोलीत कुणीही चपला काढून आलेलं नव्हतं. तांब्यात पांढरा सदरा दिसला, आणि मला कळलं.

आप्पा समोर आले नाहीत. उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसले. आत्या आधी बोलत नाही. तांब्यावर 'हाऽ' केलं आणि पदरानं पुसला. तांब्यातले आप्पा एकदम खाली बघायला लागले. मग मी दुसऱ्या बाजूनं 'हाऽ' केलं. त्यांनी सदऱ्याचं टोक हातात धरलं आणि सोडून दिलं.

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, चला, पैठणी घेऊन देतो तुम्हाला!" आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "साडीसाठी न्हाई बसली ती." ते गृहस्थ वरमून निघून गेले. त्यांना वाटलं, आप्पा नाटकातलेच आहेत.

बाहेर भटजींनी शेवटची हाक दिली. उपरणं शोधायची धावपळ सुरू झाली. आप्पा उठले, समोर आले. वरच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आजी, तीच पुडी. मी पाठवलेली. त्यातल्या थोड्या अक्षता चिमटीत घेतल्या आणि माझ्या तांब्यावर ठेवल्या. एक-दोन खाली पडल्या, त्या वेचल्या.

"घरचं कार्य हाय," म्हणाले. "तुला बाहीरून कळलं. ते काय बरोबर झालं न्हाई. आता मी सांगतो. चल."

माझी किल्ली तर तीच होती. उठायलाच हवं होतं. आत्या रडत नाही असं मी ठरवलेलं आहे, ते ठरवणं काल कामाला आलं. मी उठले, ट्रंक उघडली, अंतरपाट काढला आणि आप्पांच्या हातात दिला. तो कुणाच्या हातात द्यायचा हे कधी ठरलंच नव्हतं, कारण तो ट्रंकेतून कधी निघालाच नव्हता. आप्पांनीच तो मांडवात नेला आणि मंगलाष्टकं होईपर्यंत एक टोक धरून उभे राहिले. दुसरं टोक माझ्याकडं होतं.

पंगतीत आत्या म्हणून मी जिलबी वाढत आले. "पाहुणं, घ्या आणखी एक," म्हटलं. आप्पा म्हणाले, "घेतली. मठ्ठा दे." दोन महिन्यांनी आप्पा माझ्याशी बोलले आणि मी ते आत्या होऊन ऐकलं. मठ्ठा वाढला.

आता खरं सांग. किल्ली तू त्यांना सांगितली होतीस ना?

ज्ञाना


तळेगाव ढमढेरे,
१ मार्च

चि. ज्ञानेश्वरीस,

मी शपथेवर सांगते, मी कुणाला काही सांगितलं नाही. खुर्शिद पत्रं पडवीत मोठ्यानं वाचते, तिचा आवाज मशीनवर बसून बसून तसा झालाय, त्याला मी काय करू? आणि त्याच वेळी तुझ्या बापाला पाइप गुंडाळायचा असतो, त्यालाही मी काय करू? (मावशीच म्हणायच्या, "मोठ्यानं वाच गं, मला ऐकू येत न्हाई." मावशींना गल्लीच्या टोकावरची भांडणं ऐकू येतात. — खुर्शिद)

त्याच्या नावाचं पाकीट आलं त्या दिवशीचंही सांगते, तुला दिसलं नाही म्हणून. पोस्टमननं हाक मारली, "आनंदराव, तुमचंच हाय, सही करा." सही लागत नव्हती. त्याला आपलं महत्त्व वाढवायचं होतं. तुझ्या बापानं हात धुतले, पुसले, मग पाकीट घेतलं. उभ्यानं वाचलं. घडी घातली आणि गोठ्यात गेला. मी कान दिला. म्हशीशी काहीच बोलला नाही. तेव्हाच मी खुर्शिदला म्हटलं, माझं लुगडं इस्त्री करून ठेव, रविवारी जायचंय.

परतीच्या वाटेवर तो पुढं बसला होता, अयुबशेजारी. अयुबला राहवलं नाही. "काय आनंदराव, कशी झाली पोरगी?" म्हणाला. तुझा बाप म्हणाला, "रुसली झकास. माझ्यावर गेलीय." आणि तळेगाव येईपर्यंत मागं वळून वळून आम्हालाच सांगत राहिला, ट्रंक कशी वाटेत ठेवली होती, तांब्या कसा पुसत होती. आम्ही जसं काही बघितलंच नव्हतं. 'हाऽ' करून दाखवलं. सुवर्णाला घरी आल्यावर पुन्हा दाखवलं. तिनं विचारलं, "हे तिला कुणी शिकवलं?" तर म्हणाला, "कुणास ठाऊक. तिचं तिनंच काढलं आसंल." मी तोंडाला पदर लावला.

स्कूटीत हवा भरून ठेवलीय असं तुला कळवायला सांगितलंय. म्हशीला नाही, मला सांगितलं. तोंडानं.

तर तुझं झालं, त्याचं झालं. आता माझं ऐक.

काल सहज डब्याखाली हात घातला तर ती जुनी तिसरी पत्रिका लागली. तिच्याखाली माझी होती. माझी पत्रिका बघितली. उलटी करून बघितली. खुर्शिदलाही बघायला लावली. अक्षता नाहीत. कुंकवाचं बोट नाही. नावसुद्धा छापील, नुसतं 'पाहुणे'. आली कशी? टपालानं. तुझ्या बापाला पुडी, पाकीट, तुझ्या हातचं नाव, आणि जिनं तुला रुसायला शिकवलं तिला काय? मी मुकाट्यानं आले, नवरीला शिस्त लावली, दोनदा जिलबी घेतली, कारण घरच्या कार्यात तमाशा नको. पण माणसाला कळतं.

म्हणून आज सकाळी पोटभर जेवून मी तांदळाच्या डब्यावर बसलेय. अगदी स्वयंपाकघराच्या वाटेत. सुवर्णा म्हणते, "सासूबाई, भात कसा टाकू?" मी म्हटलं, "मला काय ठावं? मला कुणी पुसलंय व्हय?" आनंदराव दोनदा येऊन गेला. त्याच्यानं उठणार नाही. मठ्ठ्यावर भुलायला मी काही तुझा बाप नाही. (मावशी खरंच बसल्यात. कागद मी त्यांच्या मांडीवर ठेवून लिहितेय. — खुर्शिद)

शिमग्याला तुमचे फोन सुटतात ना? फोन करू नकोस. घरी ये. येताना कुंकू आण, अक्षता आण, ललिताताईंना आणायचं तर आण. शिकू दे त्यांनाही. दार किलकिलं ठेवलंय. माझी पाठ दाराकडं आहे.

कान कुठं आहे ते तुला माहीत आहे.

आजी